गळतीशास्त्री

बंद गाडीत पाणी कुठून शिरले हे गाडी न बघता सांगणाऱ्या इसमाला गळतीशास्त्री म्हणावे. तो मेकॅनिक नसतो. मेकॅनिकला निदान बोनेट तरी उघडावे लागते. वय बहुधा पंचेचाळिशीच्या पुढचे. व्यवसाय खत-बियाण्याच्या दुकानाचा, एसटीतून निवृत्तीचा किंवा नुसताच बसण्याचा. स्वतःची चारचाकी असतेच असे नाही, आणि असली तर तीही गळत असते. त्याबद्दल विचारू नये. खिशात टेस्टर, मोबाइलला बॅटरी आणि तोंडात सुपारी एवढी सामग्री त्याला पुरते. ज्ञान सगळे अनुभवातून आलेले, फक्त प्रत्येक अनुभव दुसऱ्याच्या गाडीवर घेतलेला.

ही जात महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. कोकणात ती फारशी वाढत नाही, कारण तिथे गाडीत पाणी येणे ही बातमी नसते. तिला मानवतो तो आठ महिने कोरडा आणि चार महिने बेभरवशाचा मुलूख. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले केदारखेडा या दृष्टीने आदर्श आहे. पूर्णेच्या काठचे हे गाव जालना-भोकरदन रस्त्यावर आहे. जालन्याहून येताना राजूरचा गणपती मागे पडला की पुढे केदारखेडा. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, राजूरच्या वाटेवर गाड्यांची रीघ लागते, त्यामुळे निरीक्षणासाठी नमुन्यांची कधी वाण पडत नाही. चहाच्या टपरीसमोर कोणी मॅट वाळत घातली की पाच मिनिटांत एक शास्त्री आणि दहा मिनिटांत दुसरा उगवतो. दोघांची मते जुळली अशी नोंद नाही.

या भागात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पाणी जूनमध्ये दिसते, पण गळती उन्हाळ्यात तयार होते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दारांचे रबर कडक होऊन त्याला बारीक चिरा जातात. सावली म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावली जाते आणि निंबाचा मोहर, पाने, काड्या वायपरखालच्या जाळीत जाऊन बसतात. शेताच्या वाटेची काळी माती दारांच्या खालच्या कडेला लागते आणि वाळून विटेइतकी घट्ट होते. ही सगळी तयारी चालू असताना शास्त्री मोकळाच असतो, पण त्या वेळी त्याला कोणी काही विचारत नाही. पाणी दिसल्याशिवाय विचारायचे नाही, हा गाडीमालकांचा नियमच आहे.

लक्षणे ठरलेल्या क्रमाने दिसतात. आधी काच आतून धुरकटते आणि पुसली तरी पुन्हा धुरकटते. मग कुबट वास येतो, तो आधी मागच्या सीटवरच्या लेकरांच्या माथी मारला जातो. शेवटी कोणाचा तरी पाय मॅटवर पडतो आणि खालून पचकन आवाज होतो. मॅट उचलली की कार्पेट ओले, कार्पेट दाबले की त्याखालचा फोम पाणी सोडतो. मालक गाडी घेऊन टपरीवर येतो.

"अण्णा, गाडीत पाणी येऊ राह्यलं हो."

"काचातून येतंय."

"अजून बघितली कुठं तुम्ही?"

"बघायचं काय त्याच्यात? पाणी काय बोनेटातून येणार हाय का?"

वस्तुस्थिती अशी की पाणी पुष्कळदा बोनेटाच्याच बाजूने येते. समोरच्या काचेवरून ओघळलेले सगळे पाणी वायपरखालच्या जाळीतून एका पन्हळीत पडते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांमागे उतरते. त्याच पन्हळीत ब्लोअरला बाहेरची हवा पुरवणारे तोंड असते. भोके पानांनी बुजली की पन्हळ भरते, पाणी त्या तोंडापर्यंत चढते आणि थेट डॅशबोर्डखाली उतरते. दोन मुठी पाला काढला की काम होते. पण पाला काढून कोणाची कीर्ती वाढत नाही. म्हणून हा उपाय शास्त्र्यांत अप्रिय आहे.

गळतीशास्त्र्यांचे मुख्यतः पाच पंथ आहेत. पहिला आणि सर्वांत मोठा काचपंथ. याच्या मते गाडीतले सर्व पाणी समोरच्या काचेच्या कडेने येते. काच कधी बदललेली असेल तर यात तथ्य असू शकते. काच पत्र्याच्या चौकटीला गोंदाने चिकटवलेली असते. घाईत बसवताना गोंदाची रेघ कुठे तुटली, किंवा चौकटीवर गंज असताना तसेच चिकटवले, तर तिथून पाणी शिरते. कारखान्यातून आली तशीच काच असेल, तर संशय आधी पन्हळीवर घ्यावा. काचपंथी तो काचेवरच घेतो.

दुसरा बुडीतपंथ. गाडी पुण्या-मुंबईच्या पासिंगची आणि दुसऱ्या हाताची असली की हा पंथ जागा होतो. "ही गाडी सव्वीस जुलैत बुडेल हाय," असा त्याचा निर्णय असतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे केदारखेड्याला सबंध वर्षात मिळत नाही इतका, आणि त्यात हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या हे खरे. मात्र 2014 साली बनलेली गाडी त्या पुरात कशी सापडली, या प्रश्नाला बुडीतपंथी फक्त मान हलवतो आणि "कागदावर काही बी लिहितेत" म्हणतो. बुडालेली गाडी ओळखण्याच्या खुणा मात्र खऱ्या आहेत: सीटखालच्या बोल्टांवर गंज, पट्टा शेवटपर्यंत ओढला की त्यावर गाळाची रेघ, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला चिखल. त्या बघायला वाकावे लागते.

तिसरा कूलंटपंथ. हा मॅटवरच्या पाण्यात बोट बुडवतो, हुंगतो आणि प्रेक्षक जास्त असतील तर चाटून बघतो. इंजिन थंड ठेवणारे पाणी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमागच्या हीटरमधूनही फिरते. जालन्यात हीटर कोणी लावत नाही, तरी फिरते. तिथे गळती झाली की पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे येते, काचेवर तेलकट थर बसतो आणि कूलंटची टाकी दर आठवड्याला रिकामी दिसते. एवढ्या खुणा डोळ्यांनी आणि नाकाने कळतात. चाटण्याची पद्धत मात्र वर्ज्य मानावी, कारण कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. शास्त्री आजवर वाचत आले आहेत ते त्यांचे निदान चुकल्यामुळे. चाटलेले पाणी पावसाचेच होते.

चौथा एसीपंथ. हा तुलनेने आधुनिक आणि बराचसा बरोबर. एसी चालू असताना हवेतला ओलावा डॅशबोर्डमागच्या थंड जाळीवर जमतो आणि एका नळीने गाडीखाली गळतो. दमट दिवशी तासाभरात तांब्याभर पाणी सहज पडते. नळी धुळीने किंवा शेवाळाने बुजली की तेच पाणी आत उलटते आणि बहुधा डाव्या बाजूच्या पायाखाली साचते. हे पाणी नितळ असते, त्याला वास नसतो आणि त्याला पावसाची गरज नसते. खात्री करायला गाडी कोरड्या जागी उभी करून अर्धा तास एसी चालवावा. खाली थेंब पडले तर नळी मोकळी. खाली कोरडे आणि आत ओले, तर नळी बंद. एसीपंथ्याचा दोष एवढाच की ज्या गाडीला एसी नाही तिलाही तो हेच निदान देतो.

पाचवा कंपनीपंथ. "कंपनीनंच तसं ठेवेल हाय," हे त्याचे एकमेव सूत्र, आणि दारांच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. वर-खाली होणाऱ्या काचेला लागून जी रबरी पट्टी असते ती सगळे पाणी अडवू शकत नाही. थोडे पाणी दाराच्या पोटात उतरणारच, हे धरूनच दार बनवलेले असते. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाला भोके असतात आणि आतल्या बाजूला येऊ नये म्हणून पॅडमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. सनरूफचेही तसेच. सनरूफ पाणी पूर्ण रोखत नाही. त्याभोवतीच्या पन्हळीतले पाणी बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांनी खाली जाते. नळी तुंबली किंवा सांध्यातून निसटली की पाणी छताच्या कापडातून टपकते, आणि मग पाचही पंथ एकमुखाने म्हणतात, "छताला भोक पाडून घेतलं, मग काय होणार?"

छताला भोक पाडायला सनरूफच लागतो असे नाही. कॅरियरचे बोल्ट, अँटेनाची बैठक आणि निवडणुकीत भोंगा बसवायला मारलेली भोके हीही पाण्याची जुनी दारे आहेत. भोंगा निकालाच्या दिवशी उतरतो, भोके पाच वर्षे राहतात. डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांची रबरे आणि डिकीच्या झाकणाचे रबर बघावे. नाल्यातून गाडी काढल्यावरच पाणी दिसत असेल तर ते वरून आलेले नसून खालून आले आहे. पत्र्याच्या तळाला रबरी बुचे असतात, त्यातले एखादे डेंटिंगच्या वेळी पडून गेलेले असते.

पंथ पाच असले तरी उपचार एकच आहे, आणि तो म्हणजे सिलिकॉनची ट्यूब. ती सापडली नाही तर एमसील. पाणी जिथे दिसते तिथे माखायचे, असा विधी आहे. पाणी जिथे दिसते तिथून ते बहुधा आलेले नसते. छतातून शिरलेला थेंब खांबाच्या आतून उतरतो, वायरींच्या जुडग्यावरून सरकतो, सीटखालच्या खोलगट जागेत जाऊन थांबतो. माखणाऱ्याला ही वाट दिसत नाही. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार होतो. सर्वांत कडक उपचार दाराच्या तळाच्या भोकांवर होतो. भोके दिसली की शास्त्र्याला गुन्हेगार सापडल्याचा आनंद होतो आणि तो ती एमसीलने बुजवतो. त्यानंतरच्या पावसात दार भरते, ब्रेक मारला की आत डुचमळते, काचेची मोटर भिजते आणि पडद्याच्या वरून पाणी मोकळेपणी आत येते. मालक पुन्हा टपरीवर येतो. शास्त्री म्हणतो, "म्हणलं होतं ना, काच?"

सांगणारा आणि बघणारा हा फरक या मुलखाला नवा नाही. भोकरदन ज्या केळणा नदीवर आहे, त्याच नदीकाठी असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. नदी ओलांडायला दुसरा उतार नाही, असे बरोबरच्या वाटाड्यांनी त्याला छातीठोकपणे सांगितले होते. त्याने दुर्बिणीतून पाहिले तर दोन्ही तीरांना दोन गावे अगदी समोरासमोर. इतकी जवळ गावे वसली आहेत म्हणजे येण्याजाण्याला उतार असणारच, असे त्याने ताडले. उतार तिथे होता आणि फौज पलीकडे गेली. निकाल काय लागला तो इतिहासात आहे. नदी न बघता नदीची माहिती देणाऱ्या त्या वाटाड्यांची परंपरा तालुक्यात अखंड चालू आहे.

बघणाऱ्यांची परंपराही आहे, पण ती कमी बोलते. तिचा प्रतिनिधी म्हणजे गॅरेजवरचे वीस-बावीस वर्षांचे पोरगे. ते उत्तर देण्याऐवजी चार प्रश्न विचारते, आणि त्यामुळे त्याला काही येत नाही असा समज होतो. पाणी कधी दिसले: पावसानंतर, गाडी धुतल्यावर की एसी लावल्यावर? कोणत्या बाजूला? गाडी उभी कशी होती, तोंड चढाला की उताराला? आणि त्याआधी गाडीवर काय काम केले? चौथ्या प्रश्नाला मालक हमखास "काहीच नाही" म्हणतो आणि थोड्या वेळाने त्याला आठवते की मागच्या महिन्यात दारांत स्पीकर बसवले होते.

मग तपासणी होते. मॅट काढतात, कार्पेट उचलतात, आतले सगळे पुसून कोरडे करतात. ओल्यात ओल शोधता येत नाही. कोरड्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरतात, म्हणजे पहिला थेंब कुठे पडला ते डागावरून कळते. शंकेच्या सांध्यांवर खडूची पूड भुरभुरतात. पाणी तिच्यावरून गेले की माग राहतो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावतात आणि पट्टी ओढून बघतात. सैल निघाली तिथे रबर दबलेले असते. काही जण सगळ्या काचा लावून, बाहेरची हवा घेत ब्लोअर जोरात चालवतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. जिथे बुडबुडा येतो तिथून पाण्यालाही वाट असते.

खरी परीक्षा पाइपाची. पोरगे बॅटरी घेऊन आत बसते, बाहेर कोणीतरी साध्या धारेने पाणी सोडते. वॉशिंग सेंटरचा फवारा चालत नाही, कारण त्या जोरापुढे धडधाकट रबरही हरते आणि नसलेली गळती सापडते. पाणी खालून वर न्यायचे असते: आधी उंबरा, मग दार, मग काच, शेवटी छत, आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबायचे. सुरुवात छतापासून केली तर पाणी सगळ्या जागांवरून वाहत खाली येते आणि कोणती जागा दोषी ते कळत नाही. अडचण एवढीच येते की पाइप धरायला शास्त्री पुढे होतो.

"अण्णा, खालून घ्या. उंबऱ्यापासून."

"अरे पण पाणी वरून पडतं ना? पाऊस खालून पडतो का?"

शास्त्री धार थेट समोरच्या काचेवर धरतो. आत कोरडे. तो आणखी धरतो. आत कोरडेच. "पाइपाला जोर नाही," असा निष्कर्ष निघतो. मालक त्याच्या हातातून पाइप घेतो आणि पोरगे सांगेल तसा धरतो. उंबरा झाला, काही नाही. दाराची कड झाली, काही नाही. डाव्या दाराच्या काचेवर धार गेली आणि आतून आवाज आला, "थांबा." दाराच्या पॅडच्या खालच्या कडेला पाण्याची एक बारीक रेघ उतरत होती, वर्तमानपत्रावर तिचा डाग पसरत होता. पॅड उघडल्यावर उलगडा झाला. स्पीकर बसवताना प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडलेला, आणि तळाची भोके काळ्या मातीने बुजलेली. पाणी काचेच्या पट्टीतून रीतसर आत आले होते, त्याला बाहेर जायची वाट बंद होती आणि आत यायची उघडी होती.

अशा वेळी शास्त्री हरतो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो हरत नाही. "म्हणजे काचातूनच ना?" तो विचारतो. समोरची काच की दाराची, हे त्याने मुळात सांगितलेलेच नव्हते. कंपनीपंथी मागून पुष्टी देतो की पाणी दारात येणे कंपनीनेच ठेवलेले आहे. सर्व जण बरोबर ठरतात, चहा येतो, आणि पोरगे खिळ्याने माती उकरत बसते.

दुरुस्ती लहान असते: भोके मोकळी करणे आणि नवे प्लास्टिक चिकटपट्टीने नीट बसवणे. त्यानंतरचे काम मोठे, आणि ते बहुधा टाळले जाते. कार्पेटखालचा फोम वरून कोरडा लागला तरी आत कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. तो काढून उन्हात वाळवला नाही तर वास जात नाही, बुरशी धरते आणि तळाचा पत्रा आतून गंजतो. अनेक गाड्यांत वायरींचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या याच भागात किंवा सीटखाली असतात. त्या भिजल्या की हॉर्न आपोआप वाजणे, सेंट्रल लॉक रात्री उघडणे असे चमत्कार सुरू होतात. त्यांचा उलगडा करणारा शास्त्री वेगळा असतो आणि तो लिंबू-मिरचीचा उपाय सांगतो.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस मराठवाड्यातून माघारी जातो. दुरुस्त केलेल्या गाड्या गळायच्या थांबतात, तशाच न केलेल्याही थांबतात, आणि दोन्हींचे श्रेय सिलिकॉनच्या खात्यात जमा होते. पाऊस नसताना मॅट ओली सापडली तर कारणे थोडीच उरतात. एसी चालवल्यावर पाणी येत असेल तर नळी. पाणी रंगीत आणि चिकट असेल तर कूलंट. आणि तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाल्यावर डिकीत अचानक तळे साचले, तर मंडपात पोहोचवलेल्या वीस लिटरच्या पाण्याच्या जारांची झाकणे बघावीत. या शेवटच्या कारणासाठी कोणत्याही शास्त्र्याला विचारण्याची गरज नसते, पण तो सांगितल्याशिवाय राहत नाही.